पोळा शिकवायचा तर गोठ्यापासून

पोळ्याच्या आदल्या दिवशी बीड जिल्ह्यातील बहुतेक शाळांच्या भिंतींवर रंगीत कागदाचे बैल चढतात. बालवाडीतील चिमुकली मातीच्या बैलाची शिंगे रंगवतात, बाई सणाची चार वाक्यांत माहिती सांगतात, छायाचित्रे काढली जातात आणि मधल्या सुट्टीपर्यंत सण आटोपतो. यात वाईट काहीच नाही. ज्या पिढीने बैल केवळ चित्रात पाहिला आहे, तिच्या हाती निदान मातीचा बैल तरी येतो, हेही नसे थोडके. प्रश्न एवढाच उरतो की, त्या कोवळ्या मनात त्या दिवशी नेमके काय रुजले? बैल म्हणजे रंगवायची एक आकृती, की बैल म्हणजे ज्याच्या श्रमावर आपले घर उभे आहे असा एक उपकारकर्ता?

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या शाळेपेक्षा बीडच्या शाळेत अधिक टोकदार होतो. कारण पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतील एखाद्या वस्तीशाळेत मातीचा बैल रंगवणाऱ्या मुलाच्या घरी बहुधा खरा बैल दावणीला उभा असतो. पोळ्यानंतर दोन-अडीच महिन्यांत तोच बैल टायरगाडीला जुंपला जाणार असतो आणि त्या गाडीत संसार भरून मुलाचे आई-वडील सातारा, सांगली, कोल्हापूर वा कर्नाटकातील कारखान्यांच्या उसाच्या फडांकडे निघणार असतात. अशा मुलाला कागदी बैल दाखवून पोळा शिकवणे म्हणजे नदीकाठच्या माणसाला बाटलीतले पाणी दाखवून नदी समजावणे होय. शाळेने सणाचे चित्र दिले. सणाचे मर्म मात्र गोठ्यातच राहून गेले.

ऋण मानणारी संस्कृती

कृतज्ञता हा भारतीय जीवनदृष्टीचा पाया आहे. जन्माला येणारा प्रत्येक माणूस देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊनच येतो, अशी आपल्या पूर्वसूरींची धारणा होती. गृहस्थाला सांगितलेल्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञाला स्थान आहे. म्हणजे मुक्या जिवांचा वाटा काढून ठेवल्याशिवाय गृहस्थाने जेवू नये, असा तो दंडक. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ च्या एप्रिल महिन्यात मुंबईत दिलेल्या व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले, त्याचाही गाभा हाच आहे. माणूस एकटा नाही. तो समाजाशी, सृष्टीशी आणि परमतत्त्वाशी जोडलेला आहे. जो जोडलेला असतो तो ऋणी असतो, आणि ज्याला ऋणाची जाणीव असते तो उन्मत्त होत नाही.

मात्र हे तत्त्वज्ञान पाच वर्षांच्या मुलाला व्याख्यानातून कळत नाही. त्यासाठी समाजाने सण निर्माण केले. सण हे लोकांचे विद्यापीठ होते आणि पोळा हा त्या विद्यापीठातील अगदी पहिल्या इयत्तेचा धडा. आदल्या दिवशी सायंकाळी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळून, वर्षभर जू वाहून घट्टे पडलेली ती जागा शेकली जाते. त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे रीतसर आवतण दिले जाते. पोळ्याच्या दिवशी त्याच्या मानेवर जू चढत नाही आणि पाठीवर चाबूक पडत नाही. नदीवर नेऊन त्याला आंघोळ घातली जाते, शिंगांना हिंगूळ आणि बेगड, गळ्यात घुंगरमाळ, कपाळी बाशिंग, पाठीवर झूल, नवी वेसण आणि नवा कासरा असा साज चढतो. वेशीतल्या तोरणाखालून मिरवून तो दारात आला की घरची लक्ष्मी त्याचे पाय धुते, ओवाळते आणि पुरणपोळीचा पहिला घास त्याच्या मुखी घालते. त्यानंतरच घरधनी पानावर बसतो.

या विधीतील प्रत्येक कृती मुलाच्या डोळ्यांसमोर घडते. आपला बाप, ज्याच्यापुढे सारे घर दबकून असते, तोही एका मुक्या जनावरापुढे वाकतो, हे दृश्य जे मूल पाहते, त्याला कृतज्ञतेची व्याख्या पाठ करावी लागत नाही. त्याच अमावास्येला पिठोरी अमावास्या म्हणतात आणि तोच दिवस मातृदिन म्हणूनही पाळला जातो. जन्म देणारी आई आणि अन्न पिकवणारा बैल यांची आठवण एकाच दिवशी करावी, हा योग ज्या समाजाने जुळवला त्याची जाण केवढी सूक्ष्म असेल!

कथा आणि इतिहास

सण शिकवायचा म्हणजे त्याचा इतिहासही सांगायला हवा. येथे अनेक शिक्षक आणि पालक अडखळतात. पोळासुर नावाच्या राक्षसाचा बाळकृष्णाने वध केला आणि त्यावरून पोळा हे नाव पडले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. कथा म्हणून ती गोड आहे आणि मुलांना ती जरूर सांगावी. पण कथा ही कथा आहे आणि इतिहास हा इतिहास आहे, हा भेद अगदी बालवयापासून राखायला हवा. ‘असे सांगतात’ आणि ‘असे सापडले आहे’ या दोन वाक्यांतील अंतर सहा वर्षांच्या मुलालाही कळते.

आणि सापडले आहे ते काही थोडेथोडके नाही. बीडला लागून असलेल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद नावाचे स्थळ आहे. १९७४ साली तेथे एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाच्या बुंध्याशी खोदताना ब्राँझच्या चार भरीव वस्तू मिळाल्या. हत्ती, गेंडा आणि रेडा यांच्या बरोबरीने त्यांत एक रथ होता. त्या रथाला दोन बैल जुंपलेले आहेत आणि मागे एक माणूस उभा आहे. या वस्तू सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या उत्तर-हडप्पा काळातील असाव्यात, असे अनेक पुरातत्त्वज्ञ मानतात. पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने दीर्घकाळ उत्खनन केले. तेथील तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका घराच्या जमिनीखाली, मातीच्या पेटीत जपून ठेवलेली देवीची मृण्मूर्ती सापडली, आणि तिच्यासोबत होता मातीचा बैल.

म्हणजेच आज बालवाडीतील मूल ज्या मातीचा बैल घडवते, त्याच दख्खनच्या मातीचा बैल तीन सहस्रकांपूर्वीच्या एका घरात देवीशेजारी पुजला जात होता. इतकी अखंड परंपरा हाती असताना ती सिद्ध करण्यासाठी अतिशयोक्तीची गरज नाही. उलट, पुराव्याने जे दिसते तेच मुलापुढे नीट मांडले तर त्याचे डोळे अधिक विस्फारतील. दायमाबादच्या रथाचे एक चित्र वर्गात लावावे आणि विचारावे, ‘या गाडीत आणि तुमच्या आजोबांच्या गाडीत काय सारखे दिसते?’ इतिहासाचा पहिला तास असाच असायला हवा.

लहान मुलांसाठी सणाला खास रूप देण्याची परंपराही महाराष्ट्राला नवी नाही. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी बैल सजवून मिरवतात आणि घरोघर त्यांचे कौतुक होते. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील दुसऱ्या रघुजीराजांच्या काळात, १८०६ साली हा प्रघात सुरू झाल्याचे सांगितले जाते. मोठ्यांच्या सणात मुलांना प्रेक्षक करून बसवू नये, त्यांच्या उंचीचा सण त्यांना द्यावा, ही शहाणीव त्यामागे आहे. बालशिक्षणाची आधुनिक परिभाषा येथे पोहोचण्याच्या कितीतरी आधी हे घडले आहे.

सागरापलीकडचा एक धडा

अलीकडे काही इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून अमेरिकेच्या ‘थँक्सगिव्हिंग’ची ओळख मुलांना करून दिली जाते. जगाची ओळख होण्याला हरकत नाही; मात्र त्या सणाच्या शिकवणुकीचा इतिहासही जाणून घ्यावा. १६२१ साली प्लिमथ येथे इंग्लंडहून आलेल्या वसाहतकऱ्यांनी आणि तेथील मूळ निवासी वाम्पानोग लोकांनी सुगीचे जेवण एकत्र घेतले, हा त्या सणाचा आरंभबिंदू मानला जातो. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी १८६३ मध्ये, यादवी युद्धाच्या ऐन धामधुमीत, त्याला राष्ट्रीय सणाचे रूप दिले. अमेरिकेतील शाळांतून पिढ्यान्पिढ्या मुलांना त्या जेवणाची गोड गोष्ट सांगितली गेली. त्यानंतर मूळ निवासींच्या भूमीचे आणि माणसांचे काय झाले, हे मात्र सांगितले गेले नाही. ती मुले मोठी झाली, खरा इतिहास त्यांच्या वाचनात आला आणि आपल्याला शाळेत फसवले गेले, अशी भावना अनेकांच्या मनात दाटली. १९७० पासून मूळ निवासी आणि त्यांचे समर्थक त्याच दिवशी प्लिमथ येथे शोकदिन पाळत आले आहेत. मुलांना हा सण कसा शिकवावा, यावर तेथील शिक्षक आजही वाद घालत असतात.

यावरून अमेरिकेला नावे ठेवण्यात अर्थ नाही. त्यातून घ्यायचा बोध वेगळा आहे. लहान मुलाला सांगितलेला इतिहास थोडका असावा, सोपा असावा, पण मोठेपणी तो पुसून टाकावा लागू नये. पाचव्या वर्षी सांगितलेल्या गोष्टीत पंधराव्या वर्षी भर पडावी. ती खोटी ठरू नये. ज्या दिवशी तरुणाला वाटते की, आपल्या सणाविषयी वडीलधाऱ्यांनी आपल्यापासून काही लपवले, त्या दिवशी त्याची श्रद्धा केवळ त्या गोष्टीवरून नव्हे, तर साऱ्या परंपरेवरून उडते. परंपरेचे सर्वांत मोठे नुकसान तिच्या विरोधकांनी केलेले नाही. तिच्या भाबड्या समर्थकांनी सांगितलेल्या अर्धवट गोष्टींनी ते केले आहे.

दोर वळणाऱ्या हातांचे ऋण

या कसोटीवर पोळ्याची आपली शिकवणूक घासून पाहिली तर काय दिसते? बैलाच्या साजाचे वर्णन मुलांना सांगितले जाते, पण तो साज कोणाच्या हातांनी घडला, हे सांगितले जात नाही. वेसण, कासरा, म्होरकी हे सारे दोर मातंग समाजाच्या पिढ्यांनी वळले. चामड्याचे पट्टे चर्मकारांनी शिवले, घुंगरे त्यांवर ओवली गेली. जू आणि गाडी सुताराने घडवली, चाकाची धाव लोहाराने चढवली, मातीचे बैल कुंभाराच्या चाकाजवळ जन्मले. वर्षभर बैलाच्या मागे रानात राबला तो सालगडी. पोळा हा एकट्या शेतमालकाचा सण कधीच नव्हता. साऱ्या गावगाड्याच्या श्रमावर तो उभा होता.

पण त्याच गावगाड्यात दोर वळणाऱ्याचा बैल मिरवणुकीत कोठे असावा, वेशीतून पहिला मान कोणाचा, यावरून माणसामाणसांत भिंती उभ्या राहिल्या. मानापानावरून गावोगावी भांडणे झाली. ज्यांच्या हातचा कासरा बैलाच्या नाकात चालत असे, त्यांच्या हातचे पाणी घरात चालत नसे. जनावराचे पाय धुणाऱ्या समाजाने माणसाला दूर उभे केले, ही गोष्ट कटू असली तरी खरी आहे आणि ती हिंदू समाजाने आपणहून मान्य केली पाहिजे. सामाजिक समरसता हा शब्द केवळ व्यासपीठावर उच्चारण्यासाठी नाही. तो पोळ्याच्या वेशीत सिद्ध व्हायला हवा.

लहान मुलापुढे ही सारी कटुता एकदम ओतण्याचे कारण नाही. पण चार-पाच वर्षांच्या मुलाला एवढे नक्की सांगता येते की, हा दोर अमुक काकांनी वळला, हे घुंगरू अमुक आजोबांनी ओवले. चला, त्यांनाही पुरणपोळी देऊन येऊ. शाळेने पोळ्याच्या दिवशी दोर वळणाऱ्या आजोबांना सन्मानाने वर्गात बोलवावे, त्यांनी मुलांसमोर दोर वळून दाखवावा, मुलांनी त्यांना नमस्कार करावा. असा एक तास समरसतेच्या दहा व्याख्यानांचे काम करील. पुढे हेच मूल मोठे होऊन इतिहास वाचेल, तेव्हा त्याला कटू सत्य कळेलच. पण त्या सत्याला उत्तर देणारी कृती त्याने बालपणीच केलेली असेल.

बीडचा बैल

बीडच्या मुलाला पोळा शिकवताना आणखी एक गोष्ट टाळून चालणार नाही. या जिल्ह्याचा बैल केवळ शेत नांगरत नाही. बालाघाटच्या खडकाळ, पर्जन्यछायेतील शेतीवर वर्ष निघत नाही, म्हणून येथील लाखो माणसे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात. माणसाची ओळखच त्याच्या हातातील हत्याराने व्हावी, यात जे दुःख आहे ते निराळे सांगायला नको. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी हा कोयता पहाटे फडात उतरतो, आणि मोळ्यांनी भरलेली गाडी ओढत बैल कारखान्याच्या वजनकाट्यापुढे रांगेत उभा राहतो. महाराष्ट्राच्या घराघरांतील चहा गोड होतो तो या दोन मुक्यांच्या घामाने. त्यांतील एक बोलू शकत नाही आणि दुसऱ्याचे कोणी ऐकत नाही.

म्हणून बीडच्या शाळेतील पोळा बैलापाशी थांबू नये. तो ऊसतोड मजुरापर्यंत पोहोचावा. तालुक्याच्या गावातील सुखवस्तू घरातले मूल आणि वस्तीवरचे ऊसतोड कामगाराचे मूल एका बाकावर बसत असेल, तर पोळ्याच्या दिवशी दुसऱ्या मुलाला वर्गात बोलण्याचा मान मिळावा. बैलाला नाव काय, तो काय खातो, फडात ऊस तोडल्यावर उरलेले वाढे त्याला कसे घालतात, वाटेत मुक्काम कोठे पडतो, हे ते मूल सांगू शकते. शिक्षकालाही जे ठाऊक नाही ते सांगू शकते. एरवी हंगामात शाळा सुटल्यामुळे अभ्यासात मागे पडणारे हे मूल त्या एका दिवशी वर्गाचे गुरू होईल. या मुलांची शाळा सुटू नये म्हणून हंगामी वसतिगृहे चालवली जातात. २०२१ साली राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृह योजनाही मंजूर केली. योजना आवश्यकच आहेत. पण आपल्या आईबापाचे काम हे लाजेचे नसून ऋणाचे आहे, हे शेजारच्या बाकावरच्या मित्राकडून ऐकायला मिळणे, हा आधार कोणत्याही वसतिगृहात मिळत नाही.

बैलाच्या रक्षणाचा विचारही येथेच करायला हवा. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोहत्येला बंदी होती. बैल आणि वळू यांनाही संरक्षण देणारी दुरुस्ती १९९५ मध्ये विधिमंडळाने संमत केली, आणि राष्ट्रपतींची संमती मिळून ती २०१५ मध्ये अमलात आली. समाजाच्या दीर्घकाळच्या भावनेचा तो सन्मान होता. मात्र कायदा सुरीपासून वाचवतो. चारा घालत नाही. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातील शेतकरी जनावरांसह चारा छावण्यांत महिनोन्महिने राहिला, हे चित्र ज्यांनी पाहिले त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. थकलेला बैल सांभाळण्याचा सारा भार एकट्या कोरडवाहू शेतकऱ्यावर टाकून शहरातील मंडळींनी केवळ बैलाच्या पुण्याईवर बोलावे, हे कृतज्ञतेचे लक्षण नव्हे. नेकनूर वा हिरापूरच्या जनावरांच्या बाजारात बैल विकून परतणारा शेतकरी डोळे पुसत असतो. त्याला दोष देण्याआधी आपण त्याच्या बैलाच्या वैरणीला काय दिले, याचा हिशेब प्रत्येकाने मांडावा.

याच जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यात दहिवंडी नावाचे गाव आहे. तेथील शब्बीर सय्यद यांनी स्वतः हलाखीत राहून अनेक वर्षे शंभरांहून अधिक गोवंशाचा सांभाळ केला. २०१९ साली त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. गाय-बैल यांच्याविषयीची कृतज्ञता ही या भूमीची वृत्ती आहे. जो या मातीशी जोडलेला राहतो, त्याच्यात ती उपासनापद्धतीचा भेद ओलांडून प्रकटते, याचे याहून बोलके उदाहरण दुसरे कोणते? बीडच्या मुलांना पोळ्याच्या दिवशी दूरदेशीच्या थोरांच्या गोष्टी सांगण्याआधी ही गोष्ट सांगावी.

कसे शिकवावे?

काहींचा आक्षेप असा की, आता ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, मग पोळा शिकवून काय साधणार? आक्षेप वरवर खरा आहे. पण कृतज्ञतेचा संबंध उपयोग संपण्याशी नाही. म्हातारे आई-वडील कमावत नाहीत म्हणून त्यांचे ऋण संपत नाही. किंबहुना उपयोग संपल्यावर जी टिकते तीच कृतज्ञता. त्याआधीचा असतो तो व्यवहार. ट्रॅक्टरच्या काळात पोळ्याचा अर्थ कमी झालेला नाही, तो अधिक शुद्ध झाला आहे.

मुलांच्या वयाचा क्रम मात्र सांभाळायला हवा. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला केवळ कृती द्यावी. त्याचा हात धरून बैलाच्या पाठीवरून फिरवावा, त्याच्या हातून घास द्यावा, माती मळून बैल करू द्यावा. हा बैल वाकडातिकडा झाला तरी चालेल. पण तो बाजारातून साच्याचा आणू नये. सहा ते आठ वर्षांच्या मुलाला गोष्ट द्यावी, बैलाच्या साजातील प्रत्येक वस्तूचे नाव द्यावे आणि ती घडवणाऱ्या माणसाची ओळख द्यावी. वेसण, कासरा, जू, जुपणी, शिवळ हे शब्द मराठीतून नाहीसे होऊ लागले आहेत. शब्द गेला की त्यामागचा माणूसही विस्मरणात जातो. आठ वर्षांनंतर दायमाबाद आणि इनामगाव द्यावे, बीडच्या दुष्काळाची आणि ऊसतोडीची कहाणी द्यावी. आधी कृती, मग कथा, मग इतिहास, हा क्रम उलटला की सण प्रश्नोत्तरांच्या वहीत जातो आणि तेथेच संपतो.

महाराष्ट्रात ही दृष्टी परकी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वनवासी मुलांसाठी काम करताना पाहिले की, गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत. तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि ती कुरणशाळा म्हणून ओळखली गेली. मुलाचे जीवन जेथे आहे तेथे शिक्षणाने जावे, हे त्यामागचे सूत्र. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत मानला आणि मातृभाषेतून, परिसरातून, खेळातून शिक्षण देण्यावर भर दिला. धोरण कागदावर आले. ते गोठ्यापर्यंत नेण्याचे काम शिक्षकांचे आणि पालकांचे आहे.

या कामाला निधी लागत नाही, परिपत्रक लागत नाही. शाळेपासून हाकेच्या अंतरावरचा एक गोठा लागतो आणि एक सकाळ लागते. शहरातील कुटुंबांनाही हे अवघड नाही. पोळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन आपल्या मूळ गावी जावे. गाव उरले नसेल तर एखाद्या गोशाळेत जावे, तेथे केवळ छायाचित्र न काढता एक दिवस शेण उचलावे, चारा घालावा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी चालणाऱ्या एखाद्या वसतिगृहाला वर्षभराच्या वह्या द्याव्यात आणि त्या देताना, हे दान नसून तुमच्या आई-वडिलांचे ऋण आहे, असे मुलाच्याच तोंडून म्हणवून घ्यावे. शाखा-शाखांतील बाल स्वयंसेवकांनी पोळ्याच्या दिवशी गावातील सर्व वस्त्यांतील बैल एकत्र मिरवावेत आणि पहिला मान त्या वर्षी दोर वळणाऱ्याच्या बैलाला द्यावा.

मातीचा बैल चार दिवसांनी भेगाळतो आणि विरघळून जातो. तो विरघळण्यासाठीच असतो. त्याला घडवताना मुलाच्या बोटांना लागलेली माती मात्र धुतल्यावरही मनात राहावी, एवढीच या सणाची अपेक्षा आहे. ज्या हातांनी बैलाला घास दिला ते हात पुढे कष्टकऱ्यावर उगारले जाणार नाहीत, आणि बैलापुढे वाकलेली मान माणसापुढे ताठणार नाही. बीडच्या दावणीत हा धडा हजारो वर्षे उघडा पडून आहे. मुलांना घेऊन तेथवर चालत जाणे, एवढेच मोठ्यांच्या हाती उरले आहे.